दुसऱ्या डोळ्याचा वाद

बाई, काल नवी पोरं आली. तुमच्या दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टरी शिकायला दरसाल येतात तशीच. स्टेशनावरून रिक्षा करून, बॅगा ओढत, झाशीच्या उन्हानं तोंडं लाल झालेली. तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही, म्हणून दवाखान्यातल्या मोठ्या मंडळींचं चाललं होतं की यंदा पंगत नको. दोन मिनिटं उभं राहू, हार घालू, चहा देऊ. मी म्हटलं, उभं तुम्ही राहा. मी चक्का बांधून ठेवलाय, तो उद्यापर्यंत आंबेल. ज्याला जेवायचं नसेल त्यानं येऊ नये. मग सगळे आले.

आपल्या मराठी समाजाच्या अंकात तुमच्यावर चार शब्द लिहून द्या, असं सांगून गेलेत. तुम्ही कुठल्या, शिकलात किती, बक्षिसं कोणती मिळाली, ते शिकलेले लोक लिहितील. मला त्यातलं धड माहीतही नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला आचारी माणूस. मला तुमच्याशीच बोलायचंय, कारण आपला वाद अर्धा राहिलाय, आणि मी वाद अर्धा सोडत नाही हे गल्लीत कोणालाही विचारा.

वादाच्या आधी आमटी होती. तुमचे साहेब तेव्हा मेजर होते, झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत बदली होऊन आले होते, आणि तुम्ही कोणाच्या तरी मुंजीला जेवायला आला होतात. पंगत उठायच्या आत तुम्ही सरळ स्वयंपाकात शिरलात. एवढी मोठी डॉक्टरीण, आणि चपला बाहेर काढून आलात, तेवढ्यावर मी बोललो तरी.

"ही आमटी कोणी केली?"

"मी. का, काय झालं?"

"काही नाही. इकडे आल्यापासून पहिल्यांदा आमटीसारखी आमटी खाल्ली."

"आमच्या घरची आहे," मी म्हटलं. "आमचे पूर्वज देवळाच्या मुदपाकखान्यात होते. बाजारातला मसाला आमच्या घरात आला नाही कधी."

तुम्ही हसलात. मला वाटलं, ही चेष्टा करतेय. मग कळलं, तुम्ही खूश झालात की तशाच हसता.

मग पुढं तुम्ही दवाखान्यात पोरांना शिकवायला लागलात, तेव्हा ही पंगत काढलीत. तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, "नाना, वर्षातून एकदा नवीन डॉक्टर येतात, त्यांना जेवण घालायचंय. पण त्यांच्या डोळ्यांवर पट्टी असेल. न बघता खाता येईल असं करा."

"पट्टी? जेवताना?"

"सकाळपासून. दोन्ही डोळ्यांवर. आल्या आल्या बांधणार, आणि पेशंटांच्या बाकावर बसवणार, दुपारपर्यंत."

"हे काय झालं," मी म्हटलं. "माझं पान बघून जेवायचं असतं. कोशिंबीर कुठं, चटणी कुठं, वरणावर तूप कसं, ते बघून निम्मं पोट भरतं."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. जितकं जेवण बघण्यासारखं, तितकं त्यांना ते न दिसणं लागेल."

मी नाही म्हटलं होतं. लक्षात आहे ना? मी माझं अन्न आंधळ्या कोशिंबिरीसाठी करत नाही, असं म्हटलं होतं. तुम्ही चहा पिऊन गेलात. मग मीच बंडूला, माझ्या पुतण्याला, तुमच्याकडे पाठवला, विचारायला की पानं किती.

पहिल्या पंगतीला मी दाराशी उभा होतो, पोरं काय करतात बघायला. एकेकाच्या समोर एकेक पेशंट बसवला होता, सकाळीच ज्याची पट्टी सुटली असा. त्या पेशंटानं पोराला सांगायचं, पानात काय कुठं आहे. बरुआसागरकडची एक म्हातारी होती. तिच्यासमोर लखनौचा एक ऐटबाज मुलगा. तो भातात बोटं घालून चाचपडत होता. म्हातारीनं थोडा वेळ बघितलं, मग त्याचं मनगट धरलं आणि हात कढीच्या वाटीत बुडवला. "जा है कढ़ी, लला. खा लेओ, ठंडी हो रई." मुलगा लाजेनं पाणी पाणी झाला आणि मग दोन वाट्या प्यायला. दवाखान्यात आधीपासून शिकणाऱ्या पोरांनी एकीला सांगून ठेवलं होतं की लिंबाच्या बाजूला काकडी आहे. ती मिरची होती. तुम्ही पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळलात, म्हणजे तुमचं हसू कोणाला दिसू नये. मला दिसलं.

जेवण झाल्यावर तुम्ही स्वतः एकेकाची पट्टी सोडायचात. सकाळपासून त्यांनी तुमचा नुसता आवाज ऐकलेला. डोळे चोळत ते उठायला लागले की तुम्ही म्हणायचात, "बैठे रहिए. सामने जो बैठे हैं, पहले उनका नाम पूछिए. मेरा बाद में." एवढंच तुमचं भाषण. दुसरं स्वागत मी तुमच्याकडून ऐकलं नाही, आणि त्यानंतर ती पोरं तुम्हाला ज्या नजरेनं बघायची तसं आमच्याकडं जावयाला बघत नाहीत.

आता श्रीखंडाचं सांगतो, कारण वाद तिथून सुरू होतो.

पुढं एका वर्षी मी नेहमीसारखं श्रीखंड केलं. केशर दुधात खललं, थोडं घातलं, बघितलं, पिवळं दिसलं. बस्स, म्हटलं, उगाच भडक नको. वाढलं. पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या, पेशंट बिचारे काय बोलणार, फुकटचं जेवण. तुम्ही वाटी हातात घेऊन माझ्याकडं आलात.

"नाना, यंदा केशर महागलं का?"

"का? घातलंय की. पिवळं दिसत नाही का?"

"मला पांढरं दिसतंय."

"मग तुमच्या डोळ्यांना काहीतरी झालंय."

तुम्ही हसला नाहीत. बंडूला बोलावलंत. बंडू म्हणाला, काका, दुधासारखं आहे. मला एवढा राग आला की मी त्याच्या हातातला डाव काढून घेतला. तुम्ही मला हाताला धरून आत नेलंत, त्या यंत्रावर हनुवटी टेकवायला लावलीत आणि म्हणालात, दोन्हीकडे मोतिबिंदू आहे, आणि चांगला जुना आहे. पिवळ्या काचेतून बघितल्यावर सगळंच पिवळं दिसणार. त्यात केशर घातलं काय, न घातलं काय.

मी म्हटलं, मला सगळं स्वच्छ दिसतं. तुम्ही म्हणालात, "दिसतं हो. पण श्रीखंड पांढरं आहे."

उजवा डोळा तुम्ही केलात. मी आत गेलो तेव्हा धोतर, बंडी, सगळं काढून तो हिरवा झगा घालायला लावलात, त्याचंही मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी आलो. स्वयंपाकघराची भिंत मी दिवाळीला पांढरी करून घेतली होती. उजव्या डोळ्यानं बघितली तर पांढरी. उजवा झाकून डाव्यानं बघितली तर तीच भिंत, जशी कोणी चहा ओतलाय. मी दिवसभर तोच उद्योग करत बसलो. हा डोळा, तो डोळा. बंडूची बायको म्हणाली, मामंजी, डोळे येतील अशानं. मला तुमचे पाय धरावेसे वाटले होते, बाई. मी धरले नाहीत. तुम्ही वयानं लहान, आणि मी तसला माणूस नाही. पण त्या महिन्यात तुमच्या घरी डबा रोज गेला, त्याचा अर्थ तुम्हाला कळला असेल असं मी धरून चाललो. कळला होता ना?

मग डाव्याची पाळी आली आणि तुम्ही म्हणालात, "डावा अनुज करेल."

अनुज म्हणजे तुमचा शिकाऊ. उरईचा, शेलाटा, बोलताना मान खाली घालणारा. तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता.

"अनुज का? तुम्ही का नाही?"

"मी शेजारी उभी असेन. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पण हात त्याचा."

"माझा डोळा शिकायला नाही."

"मग कोणाचा आहे?"

तुम्ही खुर्ची ओढून बसलात. चिडलात की तुम्ही बसायचात. उभ्यानं भांडला नाहीत कधी.

"नाना, बंडू तुमच्या हाताखाली पुरणपोळी शिकला. त्याच्या पहिल्या पोळ्या कोणी खाल्ल्या?"

"आम्हीच. घरच्यांनी. दुसरं कोण खाणार तसल्या पोळ्या?"

"मग माझ्या पोरांच्या पहिल्या पोळ्या कोणी खायच्या? गावाकडून बसनं येतात, ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांनीच? दर वेळी? माझ्या घरचं म्हणून मी कोणाला विचारायचं?"

"पोळी फाटली तर गाईला घालता येते, बाई. डोळा फाटला तर कुठं घालू?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उठलात, हात धुतलेत आणि पुढचा पेशंट बोलावलात. मला वाटलं, जिंकलो. घरी येऊन बंडूला तसं सांगितलंही.

त्यानंतर दरसाल पंगतीला तुम्ही वाटी हातात घेऊन विचारायचात, "नाना, डाव्याचं काय?" मी म्हणायचो, "तुमचा हात रिकामा झाला की सांगा." तुम्ही म्हणायचात, "माझा हात रिकामाच आहे, तुमच्यासाठी नाही." असं चालायचं. लोकांना वाटायचं आपण भांडतोय. भांडतच होतो. पण तुम्ही एकदा दिवाळीला आमच्या ओसरीवर बसून म्हणाला होतात, "माझ्या मुलांना मराठी कळतं नाना, पण बोलत नाहीत. साहेब भांडतच नाहीत. घरात कोणाशी मराठीत भांडायची सोय राहिली नाही. तुमच्याशी भांडलं की महिनाभर पुरतं." म्हणून मीही सोडला नाही वाद. डावा डोळा ठेवला तसाच. तुम्हाला कारण राहावं यायला.

हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, मग वाद दुसऱ्या कशावर तरी घालू, डोळा सोडा.

आणि मग त्या दिवशी सकाळी साहेबांचा बंडूला फोन आला. तुम्ही चहा घेऊन व्हरांड्यात बसलात आणि उठला नाहीत, एवढंच कळलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भात करून सायकल रिक्षानं तुमच्याकडं आलो. मला हे काम माहीत आहे, ते मी केलं. आत आलो तर तुम्ही पलंगावर, डोळ्यांवर ओला कापूस ठेवलेला. मी म्हटलं, हे काय? साहेब म्हणाले, "डोळे द्यायचेत, नाना. ती सांगून गेलीय."

अनुज आला होता. आता तो तिथंच शिकवतो, चष्मा लागलाय त्याला. त्याच्याबरोबर एक मुलगी, निकिता, मागच्या पंगतीला आलेली. सगळ्यात नवी. तिच्या हातात पेटी होती.

साहेबांनी अनुजला सांगितलं, "बेटा, तुम सिर्फ खड़े रहोगे. उसने कहा था, जो सबसे नया हो, वही करे."

अनुज म्हणाला, "सर, आज नहीं. आज मुझे करने दीजिए. ये बच्ची अभी..."

"उसने जो कहा था, वही होगा."

मला म्हणाले, तुम्ही बाहेर बसा नाना. मी बसलो नाही. दारात उभा राहिलो. तुमच्या दारात मला कोण अडवणार.

त्या मुलीनं हात धुतले. मग तुमच्याजवळ वाकून अगदी हळू म्हणाली, "मैडम, शुरू कर रही हूँ." जशी तुम्ही ऐकत आहात. तिचा हात आधी थरथरत होता. अनुज तिच्या मागं उभा होता, हात पाठीमागं बांधून. तुम्ही तशाच उभ्या राहायचात ना? हात पाठीमागं, म्हणजे स्वतःलाच पुढं यायचा मोह होऊ नये म्हणून. तो एकदाही पुढं आला नाही. एकदा फक्त म्हणाला, "साँस ले लो." तिनं श्वास घेतला. मग तिचा हात स्थिरावला. झाल्यावर तिनं तुमच्या पापण्या मिटवल्या, अशा नीट की तुम्ही दुपारच्या पडला आहात असं वाटावं.

नंतर ती मागच्या दाराशी पायरीवर बसली होती. मी तिला पान वाढून दिलं. ती म्हणाली, "नाना जी, मैडम मेरे हाथ पर कभी गुस्सा नहीं हुईं." मी म्हटलं, "माझ्यावर रोज व्हायच्या. खा." तिनं खाल्लं. भात परत मागितला.

तुमचे डोळे कोणाला लागले ते सांगत नाहीत, तसा नियम आहे म्हणे. दोघांना लागले एवढं कळलं. आता बाजारात कोणी माझ्याकडं टक लावून बघितलं की मी मान सरळ ठेवतो आणि भाव करत नाही. न जाणो.

मी हरलो असं मी इथं लिहिणार नाही. तुम्ही असा मुद्दा मांडलात आणि उत्तर ऐकायला थांबला नाहीत, हे बरोबर नाही झालं. पण डोळा फाटला तर कुठं घालू, असं मी विचारलं होतं, आणि तुम्ही इतकी वर्षं उत्तर न देता फिरत होतात, आणि उत्तर तुमच्याजवळ होतं. स्वतःचेच दोन्ही तुम्ही पोरांच्या पहिल्या हाताखाली ठेवून गेलात. घरच्यांनीच खायच्या म्हणालात ना पहिल्या पोळ्या. मग मी तुमच्या घरचा की नाही, एवढंच माझ्यापुरतं ठरवायचं राहिलं होतं.

काल पंगत झाली. पट्ट्या अनुजनं बांधल्या. श्रीखंडाला केशर किती ते मी साहेबांना विचारून घातलं, एका डोळ्यावर भरवसा ठेवला नाही. नवी पोरं कोण कुठली ते अजून मला कळत नाही, एक तर नागपूरची आहे, ती पट्टीच्या आडून म्हणाली, "ही गोडी आमटी आहे का?" मराठीत. मला वाटलं तुम्हाला हाक मारावी. अनुजनं पट्ट्या सोडल्या, आणि त्याला ते वाक्य म्हणता येईना. समोरच्यांचं नाव आधी विचारा, हे. दोनदा तोंड उघडलं त्यानं. शेवटी निकितानं म्हटलं.

पानं उठल्यावर मी अनुजला गाठलं.

"डाव्याची तारीख दे."

त्यानं आधी मान वर केली, मग चष्मा पुसला. "मैं कर दूँगा नाना जी. परसों आ जाइए."

"तू नाही. ती." मी निकिताकडं बोट केलं.

त्यानं मला यंत्रावर बसवलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "नाना जी, जब मैडम ने मेरे लिए कहा था, तब ये आसान था. अब बहुत पक गया है, पत्थर जैसा. ये नए हाथ का केस नहीं रहा."

हे मला लागलं, बाई. इतकी वर्षं मी जो डोळा शिकाऊला द्यायचा नाही म्हणून अडलो, तो आता द्यायला निघालो तर शिकाऊच्या उपयोगाचा राहिला नाही. मी तिथून उठलो नाही. म्हटलं, सगळा नको. काही तरी असेल ना त्यात तिच्या जोगतं. त्यालाच विचारलं, तुमच्या बाई एका दिवसात सगळं शिकवायच्या का? मी बंडूला आधी नुसतं पुरण वाटायला बसवला होता.

अनुजनं परत एकदा यंत्रातून बघितलं. मग म्हणाला, "पहला चीरा वो देगी. बीच का कठिन काम मैं करूँगा. आख़िर में लेंस वो बिठाएगी."

"तू कुठं उभा राहणार?"

"वहीं, जहाँ मैडम खड़ी होती थीं."

"हात मागं ठेवशील?"

"जब उसकी बारी होगी, तब हाँ."

निकिता दारात उभी राहून ऐकत होती. जवळ आली आणि म्हणाली, "नाना जी, आप जागते रहेंगे. सिर्फ़ दवा डालकर सुन्न करते हैं. आपको मेरी आवाज़ सुनाई देगी. मुझे डर लग रहा है."

तर उद्या सकाळी आहे, बाई. बंडू म्हणतो, काका, या वयात कशाला हट्ट, अनुजलाच करू दे ना सगळं. त्याला काय कळतंय. त्या पोरीला मी सांगितलंय, भीती वाटली तर थांब. हात थरथरला तर उचल, श्वास घे, पाहिजे तेवढा वेळ घे, मग परत ठेव. तोवर मी हलणार नाही.